‘पापाराझी’ शब्द जगाला देणाऱ्या फेलिनीच्या कागदावरून डावी बाजू गायब झाली होती

मुंबई एअरपोर्टच्या गेटवर एखादी हिरॉईन गाडीतून उतरली की कॅमेरे घेऊन पळणाऱ्या पोरांना आपण ‘पॅप्स’ म्हणतो. हा ‘पापाराझी’चा शॉर्टफॉर्म आहे हे तुम्हाला माहीत असेल. पण पापाराझी हा शब्द आला कुठून? तर १९६० सालच्या ‘ला दोल्चे व्हिता’ या इटालियन सिनेमातून. त्यात सेलिब्रिटींच्या मागे पळणारा एक फोटोग्राफर आहे. त्याचं नाव पापाराझ्झो. सिनेमा गाजला आणि ते नाव अख्ख्या जमातीला चिकटलं.

हा सिनेमा बनवणारा माणूस म्हणजे फेडेरिको फेलिनी. जगभरातल्या फिल्म स्कूलमध्ये ज्याच्याशिवाय अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, असा दिग्दर्शक. त्याच्या चार सिनेमांना परदेशी भाषेतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

पण फेलिनीचं नाव आणखी एका जगात घेतलं जातं, आणि ते सिनेमावाल्यांचं जग नाही. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांना तो एक पेशंट म्हणून माहीत आहे. १९९३ मध्ये त्याला स्ट्रोक आला. त्यानंतर डॉक्टरांनी त्याच्यासमोर कागद आणि पेन्सिल ठेवून अगदी साध्या टेस्ट केल्या. रेषेच्या मधोमध खूण करा, चित्र काढा, असल्या. आयुष्यभर ज्याने चित्रं काढली त्या माणसाला त्या जमल्या नाहीत. त्याहून विचित्र गोष्ट म्हणजे, आपल्याला त्या जमत नाहीयेत हे त्याला कळत होतं.

हे प्रकरण समजून घ्यायचं तर आधी फेलिनी आणि पेन्सिल यांचं नातं समजून घ्यावं लागेल.

सिनेमाच्या तिकिटासाठी चित्रं काढणारा पोरगा

फेलिनीचा जन्म २० जानेवारी १९२० चा. गाव रिमिनी, इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राकाठी. वडील फिरतीवर असणारे विक्रेते, आई घर सांभाळायची. उन्हाळ्यात इथे पर्यटकांची गर्दी आणि हिवाळ्यात सगळा शुकशुकाट. किनाऱ्यावर एक मोठं पांढरंशुभ्र ग्रँड हॉटेल होतं. श्रीमंत लोक तिथे उतरायचे आणि गावातली पोरं बाहेरून बघत बसायची. फेलिनी त्यातलाच एक. हे हॉटेल लक्षात ठेवा, पुढे ते परत येणार आहे.

गावात फुल्गोर नावाचं एक थिएटर होतं. शाळकरी वयातला फेलिनी त्या थिएटरसाठी हॉलिवूडच्या नटनट्यांची व्यंगचित्रं काढून द्यायचा आणि बदल्यात फुकट सिनेमे बघायचा. १९३७ मध्ये, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने एका चित्रकार मित्रासोबत पोर्ट्रेट काढून देणारं छोटंसं दुकानही टाकलं होतं.

१९३९ मध्ये तो रोमला आला. घरच्यांच्या समाधानासाठी कायद्याच्या कॉलेजात नाव घातलं, पण सगळा जीव ‘मार्कऑरेलिओ’ नावाच्या विनोदी अंकात. तिथे तो लिहायचा आणि कार्टून काढायचा. याच काळात त्याने रेडिओसाठीही लिहिलं. त्याच्या एका मालिकेतल्या नायिकेला आवाज देणारी मुलगी म्हणजे जुलिएत्ता मासिना. दोघं १९४२ मध्ये भेटले आणि ३० ऑक्टोबर १९४३ ला त्यांनी लग्न केलं. बाहेर दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि रोम जर्मन सैन्याच्या ताब्यात होतं.

दीडेक वर्षाने त्यांना मुलगा झाला. तो जेमतेम महिनाभर जगला. त्यानंतर त्यांना मूल झालं नाही.

जून १९४४ मध्ये अमेरिकन सैन्य रोममध्ये शिरलं. शहरात खायची मारामार. फेलिनीने मित्रांना घेऊन ‘फनी फेस शॉप’ उघडलं. धंदा सोपा होता. अमेरिकन सैनिक यायचे, समोर बसायचे, फेलिनी त्यांचं व्यंगचित्र काढून द्यायचा आणि पैसे घ्यायचा. याच दुकानात एक दिवस रॉबेर्तो रोसेलिनी हा दिग्दर्शक आला. त्याला एका नटापर्यंत पोचायचं होतं आणि फेलिनीची त्या नटाशी ओळख होती. त्या भेटीतून फेलिनी ‘रोम, ओपन सिटी’ची पटकथा लिहिणाऱ्यांमध्ये सामील झाला आणि त्या पटकथेला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. म्हणजे सिनेमाचं दारसुद्धा त्याच्यासाठी व्यंगचित्रांच्या दुकानातूनच उघडलं.

आधी चित्र, मग सिनेमा

पुढचा प्रवास फिल्मवाल्यांना तोंडपाठ असतो, म्हणून इथे धावता आढावा घेऊ. १९५४ चा ‘ला स्त्रादा’, १९५७ चा ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’, १९६३ चा ‘८½’ आणि १९७३ चा ‘अमार्कोर्ड’, या चौघांना ऑस्कर मिळालं. पहिल्या दोन्हींत नायिका जुलिएत्ताच. ‘ला दोल्चे व्हिता’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच सिनेमावर व्हॅटिकनचं वर्तमानपत्र तुटून पडलं आणि मिलानच्या प्रीमियरला तर फेलिनीच्या अंगावर थुंकण्यापर्यंत लोकांची मजल गेली. इन्स्टाग्रामवर रोमच्या त्रेवी कारंज्याचे जे फोटो येतात, त्यामागेही याच सिनेमातला एक सीन आहे. तो ऐन थंडीत शूट झाला होता आणि हिरो मार्चेल्लो मास्त्रोयान्नीने कपड्यांच्या आत पाणबुड्यांचा सूट घातला होता.

आपल्याला इथे महत्त्वाची आहे ती त्याची काम करायची पद्धत. नवा सिनेमा डोक्यात आला की फेलिनी स्केचपेन घेऊन बसायचा. पात्राचं नाक कसं, पोट कसं, टोपी कुठली, बाई चालते कशी, हे सगळं कागदावर. कपडे शिवणारे, मेकअप करणारे, सेट लावणारे यांना पटकथेच्या आधी ही चित्रं मिळायची. १९६० च्या सुमारास तो एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लागला. त्याने सुचवलं की रात्री पडलेली स्वप्नं लिहून ठेव. फेलिनीने ती लिहिलीच, शिवाय रंगवली. जवळपास तीस वर्षं हा उद्योग चालला. त्याच्या या स्वप्नांच्या वह्या २००७ मध्ये पुस्तक म्हणून छापल्या गेल्या. कधी नेटवर शोधून बघा. सिनेमांपेक्षा त्या जास्त वेड लावतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याला खऱ्या जागेत शूटिंग करायला फारसं आवडायचं नाही. ‘ला दोल्चे व्हिता’साठी रोममधला प्रसिद्ध व्हिया व्हेनेतो हा रस्ता त्याने चिनेचित्ता स्टुडिओत बांधला. ‘अमार्कोर्ड’ हा त्याच्या बालपणीच्या रिमिनीचा सिनेमा. नावाचा अर्थच तिथल्या बोलीभाषेत ‘मला आठवतं’ असा होतो. पण ते रिमिनीही मुख्यतः स्टुडिओतच उभं केलं होतं. जागा डोक्यात असायची, डोक्यातून कागदावर यायची आणि कागदावरून सेटवर. या माणसाचं अख्खं करिअर या एका रस्त्यावर चाललं होतं.

आणि १९९३ मध्ये नेमका तोच रस्ता अर्धा बंद झाला.

३ ऑगस्ट १९९३

त्या वर्षीच्या मार्चमध्ये लॉस एंजेलिसला फेलिनीला जीवनगौरव ऑस्कर देण्यात आलं. सोफिया लॉरेन आणि मास्त्रोयान्नी स्टेजवर होते. समोर बसलेली जुलिएत्ता रडत होती आणि फेलिनी स्टेजवरून तिला रडू नकोस म्हणून दटावत होता. ही क्लिप आजही फिरत असते.

जूनमध्ये झुरिचच्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या रक्तवाहिनीवर उपचार झाले. तब्येत सावरायला म्हणून तो आपल्या गावी, रिमिनीला आला आणि ग्रँड हॉटेलमध्ये उतरला. हो, तेच हॉटेल. तिथेच ३ ऑगस्टला त्याला स्ट्रोक आला.

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडणं किंवा तिथे रक्तस्राव होणं. आपल्याकडे लोक याला लकवा किंवा अर्धांगाचा झटका म्हणतात. फेलिनीच्या मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली होती. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, त्यामुळे त्याचा डावा हात आणि पाय लुळे पडले. इथपर्यंतचं आपल्याला ओळखीचं आहे. प्रत्येकाच्या नात्यात असं एखादं उदाहरण असतं.

रिमिनीहून त्याला फेरारा शहरातल्या सान जॉर्जो हॉस्पिटलमध्ये पुनर्वसनासाठी हलवलं. तिथे डॉक्टरांनी त्याच्यासमोर कागद ठेवले.

कागदावरची टेस्ट

या टेस्ट इतक्या साध्या आहेत की पहिल्यांदा वाचल्यावर मला यावर कोणी रिसर्च पेपर लिहीत असेल असं वाटलं नव्हतं.

पहिली टेस्ट रेषेची. कागदावर एक आडवी रेषा असते. पेशंटने अंदाजाने तिच्या मधोमध खूण करायची. धडधाकट माणूस हे करतो तेव्हा चूक होते ती काही मिलिमीटरची, आणि गंमत म्हणजे ती बहुतेकदा किंचित डावीकडे असते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेले काही पेशंट मात्र खूण उजवीकडे, कधीकधी पार टोकाजवळ करतात. रेषेचा डावीकडचा मोठा तुकडा त्यांच्या हिशेबातच नसतो.

दुसरी टेस्ट खोडण्याची. मार्टिन अल्बर्ट या डॉक्टरने १९७३ मध्ये मांडलेल्या टेस्टमध्ये कागदभर ४० छोट्या रेघा विखुरलेल्या असतात आणि प्रत्येकीवर काट मारायची असते. दुसऱ्या एका प्रकारात मोठे तारे, अक्षरं आणि शब्द यांच्या गर्दीतून ५४ छोटे तारे शोधून खोडायचे असतात. पेशंट मन लावून खोडतो, झालं म्हणतो आणि पेन्सिल खाली ठेवतो. कागदाच्या उजव्या बाजूचे तारे खोडलेले असतात, डावीकडचे जसेच्या तसे. आणखी एक खूण म्हणजे सुरुवात कुठून केली. डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं साधारण डावीकडून सुरू करतात. हे पेशंट उजव्या टोकापासून सुरू करतात.

तिसरी टेस्ट चित्राची. घड्याळ काढा म्हटलं की गोल नीट येतो, पण १ ते १२ सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबलेले असतात. किंवा ६ पर्यंत येऊन गाडी थांबते. फूल काढा म्हटलं की पाकळ्या फक्त उजवीकडे.

यातला एक प्रकार मला सगळ्यात चक्रावून टाकणारा वाटतो. समोर एका ओळीत घर, कुंपण आणि झाडं असं चित्र ठेवतात आणि ते बघून काढायला सांगतात. काही पेशंट कागदाच्या डावीकडच्या वस्तूच काढत नाहीत. पण काही पेशंट सगळ्या वस्तू काढतात, फक्त प्रत्येक वस्तूची डावी बाजू सोडून. उजव्या टोकाचं झाडसुद्धा अर्धं. म्हणजे हरवलेली ‘डावी बाजू’ प्रत्येकाची सारखी नसते. कुणाच्या समोरच्या जागेची डावी बाजू जाते, तर कुणाच्या वस्तूंची.

या अवस्थेला डॉक्टर ‘निग्लेक्ट’ म्हणतात. सरळ अर्थ दुर्लक्ष. पण हे दुर्लक्ष पेशंट करत नाही, ते त्याच्याकडून होतं.

डोळ्यांचा दोष नाही, मग काय?

सगळ्यात आधी मनात येतं की डाव्या बाजूचं दिसत नसेल. स्ट्रोकमुळे नजरेचा अर्धा भाग खरंच जाऊ शकतो, पण तो वेगळा प्रकार. ज्याची नजर गेली त्याला लवकरच कळतं की या बाजूचं दिसत नाही आणि तो मान वळवून काम भागवतो. निग्लेक्टचा पेशंट मान वळवत नाही. कारण वळून बघण्यासारखं तिकडे काही आहे, हेच त्याच्या मेंदूला वाटत नाही.

याचा सगळ्यात भन्नाट पुरावा इटलीतूनच आलाय. १९७८ मध्ये एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती या दोन संशोधकांनी मिलानमधल्या पेशंटवर एक प्रयोग केला. मिलानचा कॅथेड्रलसमोरचा चौक तिथल्या माणसाला पाठ असतो, जसा पुणेकराला मंडईचा परिसर. पेशंटना सांगितलं की, कल्पना करा, तुम्ही चौकाच्या एका टोकाला कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात, आजूबाजूला काय काय आहे? त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि चौकाकडे बघा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. आठवण पूर्ण होती. पण मनातल्या मनात उभं राहूनही डावी बाजू सापडत नव्हती. इथे डोळ्यांचा संबंधच नाही.

मग हे डाव्या बाजूलाच जास्त का होतं? बहुतेक डॉक्टर मानतात ते स्पष्टीकरण सोसायटीच्या वॉचमनच्या भाषेत सांगतो. समजा, दोन गेटला दोन वॉचमन आहेत. एक फक्त उजवं गेट बघतो. दुसरा दोन्ही गेट बघतो. पहिला आजारी पडला तरी दुसरा सांभाळून घेतो. दुसरा आजारी पडला की डाव्या गेटवर कोणीच नसतं. मेंदूचा डावा भाग हा पहिला वॉचमन आणि उजवा भाग दुसरा. फेलिनीचा दुसरा वॉचमन गेला होता.

फेलिनीचे कागद

आता परत फेराराला येऊ. फेलिनीच्या टेस्टचा अभ्यास आना कान्तागालो आणि सर्जिओ देल्ला साला यांनी १९९८ मध्ये ‘कॉर्टेक्स’ या जर्नलमध्ये छापला.

त्याच्या खुणा उजवीकडे सरकत होत्या. चित्रांची डावी बाजू राहून जात होती. स्वतःच्या शरीराच्या डाव्या बाजूचं भान मात्र त्याला होतं. हरवली होती ती शरीराबाहेरची, समोरची डावी बाजू.

पण कार्टूनिस्ट काही मेला नव्हता. टेस्टच्या रेषा बघून त्याचा हात शिवशिवायला लागला आणि मध्यबिंदूची खूण करण्याऐवजी त्याने त्या रेषांवर गमतीदार आकृत्या काढून ठेवल्या. डॉक्टरांनी मोजमापासाठी दिलेला कागद त्याने ‘मार्कऑरेलिओ’चं पान करून टाकला. रेष त्याचीच, ठसका तोच, विनोद तोच. नव्हती ती फक्त डावी बाजू.

आणि इथेच त्याची केस वेगळी ठरते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या अनेक पेशंटना आपल्याला काही झालंय हेच पटत नाही. लुळा हात दाखवला तरी ते तो चालतो म्हणून सांगतात. फेलिनीचं तसं नव्हतं. डावीकडचं आपल्याकडून सुटतंय हे त्याला समजलं होतं, पटलं होतं आणि तो त्यावर विनोदही करत होता.

साहजिकच वाटेल की, कळलंय ना, मग बघ की जरा डावीकडे. पण तसं होत नव्हतं. कळूनही पेन्सिल उजवीकडेच राहायची. आठवड्यांमागून आठवडे गेले तरी हे टिकून होतं.

माझ्या मते, फेलिनीच्या केसमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे. आपण धरून चालतो की माणसाला चूक समजावून सांगितली की तो ती सुधारेल, नाही सुधारली तर तो हट्टी आहे. इथे एक हुशार, तल्लख, पन्नासेक वर्षं फक्त बघण्याचंच काम केलेला माणूस आहे. त्याला चूक माहीत आहे. आणि तरीही ते माहीत असणं त्याच्या हातापर्यंत पोचत नाही. लक्ष देणं ही इच्छाशक्तीची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं, पण त्यासाठी मेंदूत एक यंत्रणा लागते. ती बिघडली की इच्छा असून उपयोग नसतो.

हे आपल्या घरात कसं दिसतं?

हा प्रकार फक्त सेलिब्रिटींना होत नाही. स्ट्रोकनंतर, विशेषतः उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर, तो बराच आढळतो. घरात तो असा दिसतो. आजोबा ताटातली उजवीकडची भाजी संपवतात, डावीकडचा भात तसाच ठेवतात आणि अजून वाढा म्हणतात. ताट फिरवलं की तोच भात खातात. दाढी अर्ध्याच गालाची होते. व्हीलचेअर दरवेळी दाराच्या डाव्या चौकटीला आपटते. पेपर वाचताना ओळीचा पहिला अर्धा भाग सुटतो आणि मग काही समजत नाही म्हणून पेपर फेकून देतात. डाव्या बाजूने कोणी हाक मारली तर उत्तरच नाही.

घरचे आधी चष्म्याचा नंबर तपासतात. मग म्हणतात मुद्दाम करतात. मग आवाज चढतात. फेलिनीची केस आठवली तर त्या चढलेल्या आवाजाचा काही उपयोग नाही हे लक्षात येईल.

अशी शंका आली तर न्यूरोलॉजिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला हे सगळं सांगा, ताटातल्या भातासकट. कारण कागदावरच्या टेस्टलाही मर्यादा आहेत. एखादा पेशंट रेषेची टेस्ट पास होतो आणि ताऱ्यांच्या टेस्टमध्ये नापास होतो, म्हणून एकापेक्षा जास्त टेस्ट घेतात. एखादा शांत खोलीत सगळं नीट करतो आणि घरी जाऊन दाराला धडकतो. ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, तिचं घड्याळ वाकडं आलं तर त्याचं कारण स्ट्रोकच असेल असं नाही. म्हणून जेवण, दाढी, कपडे घालणं अशा रोजच्या दहा गोष्टी बघून मार्क देणारी एक वेगळी पट्टीही डॉक्टर वापरतात.

उपचारात मुख्य भर असतो तो डावीकडे बघायची सवय लावण्यावर. पानाच्या डाव्या कडेला ठसठशीत लाल पट्टी लावायची आणि ती दिसेपर्यंत नजर नेल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही, असा सराव करून घेतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रिझमच्या चष्म्याचा प्रयोग मांडला. तो चष्मा समोरचं सगळं उजवीकडे सरकवून दाखवतो, हात त्याला जुळवून घेतो आणि चष्मा काढल्यावर काही काळ हात आपोआप डावीकडे झुकतो. काहींना फायदा होतो, पण सगळ्यांना चालेल असा हमखास इलाज अजून नाही. पुष्कळ पेशंटमध्ये पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत आपसूकही सुधारणा होते.

आंटोन रेडरशाइट या जर्मन चित्रकाराला १९६७ मध्ये असाच स्ट्रोक आला. तो स्वतःचीच चित्रं काढत राहिला. पहिल्या चित्रांत कॅनव्हासची डावी बाजू जवळपास रिकामी आहे. पुढच्या काही महिन्यांत ती हळूहळू भरत गेलेली दिसते. त्याला वेळ मिळाला.

पन्नासावा वाढदिवस, लग्नाचा

फेलिनीला तो मिळाला नाही. रोममध्ये जुलिएत्ता स्वतः आजारी होती, हॉस्पिटलमध्ये होती. तिच्या जवळ राहता यावं म्हणून फेलिनी फेराराहून रोमच्या उम्बेर्तो प्रथम हॉस्पिटलमध्ये आला. ऑक्टोबरच्या मध्यात त्याची तब्येत अचानक ढासळली आणि तो कोमात गेला. त्यातून तो बाहेर आला नाही.

३० ऑक्टोबर १९९३ ला दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला फेलिनी गेला. वय ७३.

त्याचं पार्थिव चिनेचित्ताच्या स्टुडिओ नंबर ५ मध्ये ठेवलं होतं. त्याच्या सिनेमांची कितीतरी शहरं याच स्टुडिओत उभी राहिली होती. सुमारे ७० हजार लोक तिथे येऊन गेले. पाच महिन्यांनी, मार्च १९९४ मध्ये जुलिएत्ताही गेली.

रिमिनीच्या स्मशानभूमीच्या दाराशी जहाजाच्या नाळेसारखं दिसणारं ब्राँझचं एक शिल्प आहे, आर्नाल्दो पोमोदोरो या शिल्पकाराने केलेलं. तिथे फेलिनी आहे, जुलिएत्ता आहे आणि १९४५ मध्ये महिनाभर जगलेला त्यांचा मुलगाही आहे.